मेंढपाळाला स्किप करू नका

मागच्या हिवाळ्यात नांदुऱ्यातल्या माझ्या जुन्या कॉलेजात मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. विषय प्राध्यापकांनी फलकावर आधीच लिहून ठेवला होता: दीर्घ कामात उत्साह कसा टिकवावा. मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी व्हिडिओ गेम लिहितो. म्हणजे गेममधल्या माणसांनी काय बोलायचं आणि खेळणाऱ्याने कुठे जाऊन काय करायचं, ते लिहितो. एकाच गेमवर चार वर्षं झाली. नांदुऱ्यात बसून इतकं लांबलचक काम करणारा दुसरा कोणी त्यांना सापडला नसावा.

मी मुलांना सांगितलं, रोज ठरलेल्या वेळी बसा. मोठ्या कामाचे लहान तुकडे करा. सकाळी चालायला जा. मुलांनी वह्यांत लिहून घेतलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, एवढं करूनबी मन नाही लागलं तं?" मी म्हणालो, आई-वडिलांचे कष्ट आठवा. टाळ्या पडल्या. मला शाल आणि नारळ मिळाला.

त्या मुलीला मी खरं उत्तर दिलं नाही. चालणं, लहान तुकडे, ठरलेली वेळ हे सगळं मी करून पाहिलं होतं आणि त्यातल्या कशानेही माझी गाडी पुढे सरकली नव्हती. मी लिहीत राहिलो, कारण मला एका माणसाचा सूड घ्यायचा होता. शाल खांद्यावर असताना हे बोलता आलं नाही. आता लिहून टाकतो.

आधी हे सांगायला हवं की मी कृतज्ञ माणूस आहे. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. वडील दुसऱ्याच्या विहिरीवर पाळी लावून भाजीला पाणी द्यायचे, आई ती भाजी बाजारात विकायची, अजून विकते. माझ्या शाळेतल्या मास्तरांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचनालयाची किल्ली माझ्याकडे देऊन ठेवली होती. अशा माणसांच्या जिवावर शिकलेल्या मुलाला आभार मानायची सवयच लागते. दार उघडून दिलं, आभार. अर्ज परत केला, आभार. ही सवय कुठे थांबवायची, ते मात्र मला कोणी शिकवलं नव्हतं.

आता काम काय असतं ते. गेममधल्या कामगिरीला आम्ही क्वेस्ट म्हणतो. हरवलेली मेंढी शोधून आण, राजाचं पत्र पलीकडच्या किल्ल्यावर पोचव. वाटेत माणसं भेटतात. प्रत्येक माणसाशी बोलताना खेळणाऱ्यापुढे तीन-चार उत्तरं येतात आणि त्याने कुठलंही निवडलं तरी पुढचं बोलणं तयार असावं लागतं. नावाडी पलीकडे न्यायला नाही म्हणतो, तर ते नाही सात तऱ्हेनं लिहायचं. खेळणारा गोड बोलला तर एक, त्याने धमकावलं तर दुसरं, तो परत आला तर तिसरं. यातली सहा वाक्यं बहुतेक लोकांच्या कानावर कधी पडणारच नाहीत. हे माहीत असून सातही नीट लिहायची.

मी कंपनीत आलो तो टेस्टर म्हणून. गेम खेळायचा आणि चुका टिपायच्या. चुकांबरोबर मी संवादही दुरुस्त करून पाठवायचो, म्हणून वर्षभरात मला लेखन विभागात घेतलं. विभागाच्या प्रमुखांना आम्ही नुसतं सर म्हणायचो. मऊ आवाजाचा, नीटनेटका माणूस. कोणावर ओरडलेला मी कधी पाहिला नाही.

आमच्या गेममध्ये एक राणी होती. शेतकऱ्याच्या घरातून आलेली आणि नवऱ्याच्या मागे राज्य सांभाळणारी. तिचा पहिला प्रसंग माझ्याकडे आला. दुष्काळाचा हिशोब मांडणाऱ्या प्रधानाला ती झापते, असा तो प्रसंग. मी तिला माझ्या आईची भाषा दिली. 'तुमाले पाऊस कागदावर दिसते, मले मातीत दिसते.' हे वाक्य लिहिलं त्या दिवशी मी जेवायचं विसरलो होतो.

वाचनाच्या बैठकीत टेबलाभोवती दहा-बारा जण होते. सरांनी माझा कागद घेतला आणि ते वाक्य मोठ्याने वाचलं. हेल काढून, मान डोलवत, 'तुमाले'चा 'ले' लांबवून. सगळे हसले. मीही हसलो.

"गोड आहे रे," सर म्हणाले. "खरंच, फार गोड आहे. पण राणीच्या तोंडी नको. मेंढपाळाला दे."

मी म्हणालो, "थँक्यू सर."

मेंढपाळाला दे म्हणाले, त्याचा राग मला आला तो बराच उशिरा. पहिला राग आला तो माझ्या थँक्यूचा. कंपनीतून खोलीवर जाताना ते थँक्यू माझ्या तोंडात कडू गोळीसारखं विरघळत होतं. माझी आई ज्या भाषेत मला जेवायला बोलावते, ती भाषा एका माणसाने चार लोकांत नाचवली आणि मी त्याचे आभार मानले.

पुढच्या आठवड्यात नियम आला. दरबारातली माणसं, सरदार, गुरू आणि नायक प्रमाण भाषेत बोलतील. बोली चार पात्रांना: मेंढपाळ, दारुडा, पाणी भरणारी म्हातारी आणि चोरटी बाई. नियमाच्या खाली कंसात लिहिलं होतं, विनोदी. ही चारही पात्रं माझ्याकडे दिली. "तुला ते सहज येतं," सर म्हणाले. या वेळी मी नुसती मान हलवली.

त्याच वर्षी घरून काम करायची मुभा मिळाली आणि मी नांदुऱ्याला परत आलो. आणि मग लिहिणंच थांबलं. सकाळी सातला बसायचो. दारुड्याचं एक वाक्य लिहायचो, खोडायचो. रेल्वेच्या पुलापर्यंत चालून यायचो. कामाचे तुकडे करायचो, तुकड्यांचे तुकडे करायचो. दारुड्याने पडायचं, मेंढपाळाने वेंधळ्यासारखं हसायचं आणि लोकांनी त्यांच्या बोलण्याला हसायचं. हे मी कोणासाठी लिहीत होतो? माझ्या वाट्याचं काम अडीच महिने मागे पडलं. पुण्याची माझी सहकारी, जी गेममधली गावं आणि रस्ते उभे करायची, रोज मेसेज करायची: तुझा मेंढपाळ अजून मुका आहे, त्याला बोलतं कर.

श्रावण सरता सरता पोळा आला. मामा घरी आला आणि म्हणाला, "काऊन रे भाचे, त्या डब्यात डोकं घालून बसला? चाल पोळ्याले."

माझा मामा आपल्या गावात झडत्या म्हणतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याला सजवलेले बैल आंब्याच्या तोरणाखाली उभे राहतात आणि तोरण तुटायच्या आधी माणसं एकमेकांना यमक जुळवून टोले हाणतात, त्याला झडती म्हणतात. दोन-चार ओळी म्हणायच्या आणि शेवटी सगळ्यांनी मिळून हर हर महादेव. तिथे सालदार मालकाला टोला हाणू शकतो. ज्याला टोला बसला त्याने चिडायचं नाही. उत्तर द्यायचं, तेही झडतीतच. उत्तर आलं नाही तर हरला. हात उचलला तर त्याहून वाईट, वर्षभर गाव हसतं.

त्या दिवशी समोर गावातला एक मोठा जमीनदार उभा होता. त्याने नांगरत नांगरत शेतांकडे जायची पांदण आपल्या वावरात ओढून घेतली होती. अर्ज झाले, मोजणी झाली, काही हललं नाही. मामा पुढे झाला, एक हात बैलाच्या वशिंडावर ठेवून.

"पांदन होती गाडीभर,
आता उरली बोटभर,
बैल इचारते मालकाले,
चालू का उडू वावरावर?"

हर हर महादेव इतकं जोरात झालं की बैल बुजले. जमीनदाराने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. त्याच्याकडे जमीन होती, ट्रॅक्टर होता, वकील होता, पण त्या क्षणी लागणाऱ्या चार ओळी नव्हत्या. तो कसनुसा हसला आणि मागच्या लोकांनी ते हसू पाहिलं. पांदण काही मोकळी झाली नाही. पण मी त्या माणसाचं ते मिटलेलं तोंड पाहिलं आणि त्या तोंडाच्या जागी मला दुसरं तोंड दिसलं.

दुसऱ्या दिवशी करीच्या दुपारी मी बसलो ते पाच तास उठलो नाही.

क्वेस्ट असा होता. गेमच्या शेवटाकडे नायकाला एका सरदाराच्या गावातून पलीकडे जायचं असतं. बैलांचा सण असतो, वेशीवर तोरण असतं आणि तोरणाखाली सरदार उभा असतो. तिथे तलवार उपसता येत नाही, सणाचा नियमच तसा. सरदार टोला हाणतो, नायकाने उत्तर द्यायचं. तीन वेळा हरला की वेशीबाहेर आणि पुन्हा पहिल्यापासून. नायकापाशी स्वतःची उत्तरं असतात, सगळी प्रमाण भाषेतली, भारदस्त. 'सरदार, आपण मार्ग सोडावा, अन्यथा परिणाम भोगावा.' असली सगळी उत्तरं हरतात. गाव हसतं. जिंकणारी उत्तरं फक्त चार माणसांकडे असतात: मेंढपाळ, दारुडा, पाणी भरणारी म्हातारी, चोरटी बाई. नायक त्यांच्या बाजूला बसून त्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकेल, तर ती त्याला आपली झडती देतात. मध्येच स्किपचं बटण दाबून पुढे गेला, तर देत नाहीत.

मला दिलेली चारच माणसं होती. त्यांनीच मी वेस बंद केली.

सरदार मऊ आवाजाचा केला. नीटनेटका. प्रत्येक टोल्याआधी तो म्हणतो, "गोड आहे."

उत्साह कसा टिकवावा, असा प्रश्न मला त्यानंतर पडला नाही. सकाळी डोळा उघडला की मला सरदाराची पुढची हार दिसायची. नावाड्याचे राहिलेले सहा नकार मी एका बैठकीत लिहिले, कारण ते संपल्याशिवाय तोरणाकडे जायचं नाही असं मी स्वतःला बजावलं होतं. अडीच महिन्यांचं काम सहा आठवड्यांत भरून निघालं. पुण्याहून सरांचा मेसेज आला, कमबॅक जोरदार आहे. मी अंगठा पाठवला.

क्वेस्टचा गोषवारा मंजुरीला पाठवताना मी त्याला 'लोकपरंपरेतील शब्दयुद्ध' असं नाव दिलं. सरांना असे शब्द आवडतात हे मला माहीत होतं. सहकारीने मात्र पूर्ण वाचलं होतं. तिने फोन केला.

"हे सर काढून टाकतील."

"त्यांनी गोषवारा वाचला तर मंजूर करतील. संवाद वाचले तर काढतील."

"आणि वाचले तर?"

"बोलीतलं आहे. ते वाचत नाहीत."

सकाळी उत्तर आलं: कल्पना छान, बोलीतले संवाद तूच बघ. सहकारीने मला एक बैलाचं चित्र पाठवलं, खाली काही लिहिलं नाही.

संवाद मी एकट्याने पाहिले नाहीत. आई बाजारातून आली की ओसरीत पाय पसरून बसायची आणि मी वाचून दाखवायचो. आईची जीभ आमच्या बाजारात माहितीतली आहे. भेंडी कोवळी आहे का पाहायला लोक तिचे शेंडे मोडतात आणि न घेता निघून जातात. आई त्यांना हाक मारून सांगते, मोडली तशी जोडून दे अन् मंग जा.

"कोन म्हन्ते हे?" तिने एका वाक्यावर विचारलं.

"पाणी भरणारी म्हातारी."

"म्हातारी एवढी लाजून बोलन? तिनं उभा जलम पानी वाह्यलं. तिले कोनाचं भेव हाये?" मग तिने विचारलं, "थो सरदार कोन हाये?"

मी सांगितलं. बैठकीची गोष्ट मी तिला तोवर सांगितली नव्हती. ती ऐकत ऐकत पायाला लागलेली माती नखाने काढत राहिली.

"तू काय म्हन्ला मंग?"

"थँक्यू म्हणालो."

तिने माझ्याकडे पाहिलं. उरलेली माती काढून टाकली. नंतर म्हणाली, "वाच पुन्हा. म्हातारीचं मी सांगतो."

सगळ्यात भारी, एकटाच पुरणारा टोला मेंढपाळाचा होता. सरदार नायकाला हिणवतो, बैल नसताना पोळ्याला आलास, गोड आहे. त्यावर मेंढपाळाने शिकवलेलं उत्तर. मी लिहिलं होतं की माझा बैल वावरात राबतो आहे. मामाला ते फोनवर वाचून दाखवलं.

"पोळ्याच्या दिशी बैल वावरात?" तो म्हणाला. "अन् थे तू जगभर दाखवून राह्यला? लेका, पदवीत हे नाही शिकवलं का तुले?"

सरांची चूक दाखवायला निघालेला मी, सणाच्या दिवशी बैलाला जुंपत होतो. पुण्यात कोणाच्याही लक्षात आलं नसतं, पण आमच्याकडच्या एखाद्या पोराने गेम तिथेच बंद केला असता. मामाने फोनवरच बसवून दिलं:

"झूल तुह्या बैलाले,
घाम नाही मानीले,
माहा बैल रोजचा,
थोच पाजते पानी तुले."

खरे कलाकार आवाज देईपर्यंत गेममध्ये तात्पुरता आवाज टाकतात, कोणाचाही. चारही पात्रांचा आवाज मी माझा टाकला, खोलीची खिडकी गोधडीने झाकून. मेंढपाळाचं बोलणं जवळजवळ चार मिनिटांचं झालं. तो मेंढ्यांबद्दल बोलतो, मेलेल्या बायकोबद्दल बोलतो, वाटेत शेतकऱ्यांनी कुठे बसू दिलं आणि कुठे कुत्रे सोडले ते सांगतो, आणि अगदी शेवटी झडती देतो.

पुढे गेम विकत घेऊन बाजारात आणणाऱ्या कंपनीचे लोक पुण्यात पाहायला येणार असं ठरलं. त्यांना दाखवायला सरांनी नेमका हाच भाग निवडला, लोकपरंपरेतील शब्दयुद्ध. खेळणार होते ते स्वतः. सहकारीने मला कळवलं आणि एवढंच लिहिलं: त्यांनी एकदाही पूर्ण खेळून पाहिलेलं नाही.

मला कळत होतं की माझ्या हातात दोन गोष्टी आहेत आणि त्या एकाच दोरीला बांधल्या आहेत. सर तोरणाखाली हरले तर मला हवं ते मिळणार होतं. पण पाहुण्यांसमोर ते अडकले, तर संध्याकाळपर्यंत क्वेस्ट कापला जाणार, हेही नक्की होतं. मग माझी चार माणसं पुन्हा विनोदी.

सकाळी अकराची वेळ होती. मी घरून व्हिडिओवर जोडलेला, माइक बंद. त्या दिवशी बाजार नव्हता, आई बाजूला वाटाणे सोलत बसली होती.

"हाच का थो?" तिने पडद्याकडे पाहून विचारलं.

"हाव."

"साधा दिसते."

सर छान खेळत होते आणि समजावूनही सांगत होते. डोंगर, नदी, प्रकाश. मेंढपाळ आला. माझा आवाज सुरू झाला, "बस ना गा, घाई कायची हाये," आणि सरांनी बटण दाबलं. दारुडा आला, बटण. चोरटी बाई, बटण. म्हातारीचं तर अर्धं वाक्यही झालं नाही. आईने हातातली शेंग खाली ठेवली. तो आवाज माझा असला तरी शब्द तिचे होते.

तोरण आलं. सरदार म्हणाला, "बैलाशिवाय पोळ्याला आलास. गोड आहे." सरांनी आपल्या आवडीचं भारदस्त उत्तर निवडलं. गाव हसलं. सरही हसले, पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "पहिल्यांदा हरायला हवंच." दुसरं उत्तर. गाव हसलं. तिसरं. वेशीबाहेर. पुन्हा वेशीवर आले, पुन्हा तीन. खोलीत नुसतं गेममधलं गाव हसत होतं. सहा हारी झाल्यावर पाहुण्यांपैकी एका बाईंनी घड्याळ पाहिलं. सरांनी तोंड उघडलं, मिटलं.

मी ते अगदी पोटभर पाहिलं. खोटं कशाला बोलू?

"हे बहुतेक काहीतरी बिघडलेलं आहे," सर शेवटी म्हणाले. "आपण हा भाग सोडून पुढे जाऊ. तसाही तो वगळायचा आमचा विचार..."

आई म्हणाली, "सांग त्याले."

"काऊन?"

"तुह्या मामाचे बोल हायेत त्यात. अन् माहे. थे फेकून देईन हा मानूस."

मी माइक सुरू केला. "सर, बिघडलेलं नाही. मेंढपाळाकडे परत जावं लागेल. त्याचं बोलणं पूर्ण ऐकावं लागेल. कृपया मध्ये स्किप करू नका."

"पूर्ण?"

"हो सर. शेवटपर्यंत."

पाहुण्यांसमोर ते नाही म्हणू शकत नव्हते. ते डोंगर उतरून परत गेले, मेंढपाळापाशी बसले आणि माझा आवाज सुरू झाला. चार मिनिटं फार असतात. पहिल्या मिनिटात सरांनी दोनदा खुर्चीत जागा बदलली. बायकोचा भाग आला तेव्हा घड्याळ पाहणाऱ्या बाई पुढे सरकून बसल्या. माझं लक्ष मात्र सरांवरून हललं नाही. तो माणूस हात मांडीवर ठेवून, शाळेत उभं केलेल्या पोरासारखा, 'मले' आणि 'तुले' ऐकत होता आणि बटणाला बोट लावू शकत नव्हता. मेंढपाळाने झडती दिली. सर वेशीवर गेले, ती निवडली. सरदार गप्प झाला. गाव सरदाराला हसलं. खोलीतली माणसंही सरदाराला हसली.

आई पुन्हा वाटाण्यांना लागली.

मग बाईंनी विचारलं, ही भाषा अशी वापरायची कल्पना कोणाची? सर म्हणाले, "आम्ही सुरुवातीपासून बोलीबद्दल फार जाणीवपूर्वक काम केलंय." अगदी मऊ आवाजात. त्यांना सरदार कोण ते कळलंच नव्हतं. सहकारीने नंतर सांगितलं की पूर्ण विभागाला कळलं होतं, सर सोडून. ज्याच्यासाठी एवढं रचलं त्याच्या अंगाला ओरखडाही नाही, उलट गळ्यात फुलांचा हार. रागाने मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

पण क्वेस्ट राहिला. पाहुण्यांनी तोच मागितला. तिसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. आवाजात कुठलाच सल नव्हता.

"सगळं उत्तम झालं. फक्त एक कर. मेंढपाळाचं बोलणं स्किप करता येईल असं ठेव. खेळणारे कंटाळतील."

"नाही सर."

"नाही म्हणजे?"

"स्किप करता आलं तर झडती अशीच मिळेल. मग तोरणाला काही अर्थ राहणार नाही. पाहुण्यांना आवडलं ते हेच. त्यांनी तसं लिहून पाठवलंय, मी वाचलं."

"चार मिनिटं फार आहेत रे."

"मी बघतो," मी म्हणालो.

फोन ठेवला आणि लगेच बसलो. मेंढीला खुरकूत झाली की मेंढपाळ तिचा पाय हातात घेऊन काय काय करतो, ते मामाने मला एकदा सांगितलं होतं आणि जागा नव्हती म्हणून मी ते गाळलं होतं. ते मी परत घातलं. खिडकीवर गोधडी लावून नवा आवाज भरला, घाई न करता, मध्ये श्वास घेत. आता मेंढपाळ पाच मिनिटांच्या थोडा वर जातो.